कंपनीचा कापूस आणि रंगुबाईची मेंढरं

२९ नोव्हेंबर १९९८, रविवार

ही डायरी कंपनीनं फुकट दिलेली आहे. जूनपासून ट्रंकेत पडून होती. पानापानावर हसरे शेतकरी छापलेत आणि एकाच्याही पायाला चिखल नाही. लिहायची हौस मला कधीच नव्हती. शाळेत चौथीच्या पोरांच्या वह्या तपासून डोळे फुटायची वेळ येते. पण आज घरात भांडायला माणूस मिळूनही भांडून समाधान झालं नाही, म्हणून बसले लिहायला.

प्रबुद्ध सांगलीहून आला. माझा एकुलता एक. एमए करतो, म्हणजे कॉलेजात नाव आहे. चहा हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, "आई, कर्नाटकात शेतकऱ्यांनी कंपनीचा कापूस उपटून जाळला. ऐकलंस का रेडिओवर?"

"ऐकलं."

"तसलाच कापूस आपल्या रानात आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही तो जाळणार."

आम्ही म्हणजे बियाणे बचाव मोर्चा. त्याचे पुढारी मल्हारराव वकील, सांगलीचे. कोर्टात यांचं कुणी ऐकत नाही म्हणून गावोगाव बोलत फिरतात. मी म्हटलं, "रानाला पाणी पाजायला कधी आला नाहीस, काडी लावायला बरा सवड काढून येतोस."

रान दीड एकर, ओढ्याच्या काठाला. प्रबुद्धचे वडील माधवनगरच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा हातात आलं त्यातून त्यांनी हे घेतलं आणि दोन वर्षांत गेले. जन्मभर कापसाची धूळ छातीत भरून घेतलेल्या माणसाच्या रानात मी कापूस लावू दिला, हे प्रबुद्धला फार लागलंय. मला नाही लागलं असं त्याला वाटतं.

जूनमध्ये कंपनीचा सयाजी आला होता फटफटीवरून. डोक्याला टोपी, बोलायला गोड. म्हणाला, इथं आसपास कापूस नाही म्हणून तुमचंच रान चाचणीला हवं. अर्धा एकर द्या, कुंपण आम्ही घालतो, विहिरीवर मोटार बसवून देतो. मी विचारलं, या कापसात विशेष काय आहे? म्हणाला, बोंडअळीनं पाला खाल्ला की ती मरते. मी म्हटलं, आणि माणसानं खाल्ला तर? तो हसून म्हणाला, "माणूस कुठं पाला खातो, बाई?" मीही हसले. मोटार हवी होती.

प्रबुद्ध म्हणतो, "गावाला विचारलं कुणी? त्यात काय घातलंय ते तुला तरी नीट सांगितलं का? बी कुणाच्या मालकीचं, पुढं आपलं बी आपल्याकडं राहील का, हे कोण ठरवणार?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तसं त्याला सांगितलं नाही. एकदा बरोबर म्हटलं की हा मुलगा महिनाभर बरोबरच असतो.

सहा डिसेंबरला जाळायचं ठरलंय म्हणाला. मी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बोट केलं. वकिलांनी कॅलेंडरात रविवार बघितला होता, तारीख नाही. बाबासाहेब गेले त्या दिवशी माझ्या रानात होळी करणार होते हे लोक. प्रबुद्ध कानापर्यंत लाल झाला आणि पलूसला जाऊन फोन करून आला. आता मंगळवारी, आठ तारखेला.

३० नोव्हेंबर

सरपंच आप्पासो मोर्चात सामील झालेत. आजवर त्यांच्या उसाला पाणी कमी पडण्यापलीकडं कुठला अन्याय त्यांना दिसला नव्हता. आज पारावर उभं राहून म्हणाले, परदेशी जात आपल्या मातीत नको. घरी गोठ्यात जर्सी गाय बांधलीय. सुईनं भरवलेली. मी ते बोलून दाखवलं तर म्हणाले, "बाई, गाय येगळी, कापूस येगळा." बहुतेक दूध देणारी जात परदेशी नसते.

२ डिसेंबर

रंगुबाई आली. दर वर्षी दिवाळीनंतर ती आणि तिचा नवरा यल्लाप्पा जतकडून मेंढरं घेऊन उतरतात. तिकडं पाणी नसतं. इकडं ज्याचं पीक निघालंय त्याच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, लेंड्या-मुतानं रान खतवायचं, आणि त्या बदल्यात शेतकऱ्यानं धान्य द्यायचं, अशी रीत आहे. यल्लाप्पा बोलत नाही. वर्षाला एकदा "बरं हाय" म्हणतो, तेवढं ऐकून मी समाधान मानते.

क्रमही ठरलेला. आधी आप्पासोचं रान, मग पाटलांच्या भावकीचं, मग बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी आमची वस्ती. माझ्या रानात मेंढरं येतात तोवर तीही कंटाळलेली असतात. यंदा मात्र ती आधी माझ्याकडं आली, कारण वरच्या रानांतलं सोयाबीन उशिरा निघतंय. माझंच रान मोकळं होतं म्हणून माझी पाळी आली, उगाच दुसरं काही समजायला नको. भुईमूग काढलेल्या एकरात तिनं वाघर लावली, म्हणजे जाळीचं कुंपण.

तिला बघितलं की माझं डोकं फिरतं आणि बरंही वाटतं. आल्या आल्या तिच्या कुत्र्यानं माझ्या ओट्यावरची शेंगांची टोपली पाडली. मागं याच कुत्र्यानं कोंबडी धरली होती, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, ते कुत्रं विहिरीत टाक. कुत्रं अजून माझ्याच ओट्यावर झोपतं. दर वर्षी निघताना मी म्हणते, पुढच्या वर्षी इथं पाऊल टाकू नकोस. ती "बरं बाई" म्हणते आणि येते.

आज कुंपणाकडं बघून म्हणाली, "आवं, तारंच्या आत काय दडवलंय?"

मी सगळं सांगितलं. मोर्चाचंही. तिनं मशेरी लावलेलं बोट तोंडातून काढलं आणि विचारलं, "पोलीस येत्यात काय असल्याला?"

"येतील की."

मग बराच वेळ आपल्या गुंडा नावाच्या भावाचं सांगत बसली. फॉरेस्टात मेंढरं घातली म्हणून त्याला पोलिसांनी धरून नेलं होतं. "गेला तवा चालत गेला. आला तवा काठी घिऊन." ही गोष्ट तिनं मला आधीही सांगितलीय. म्हातारपण आलं की माणसं तेच तेच सांगतात. माझ्याहून लहान आहे खरं तर.

५ डिसेंबर, शनिवार

सयाजी येऊन गेला. कंपनीनं पलूसला अर्ज दिलाय, बंदोबस्त येणार. म्हणाला, "बाई, पोराला आवरा. जो पुढं असंल त्याला उचलत्यात. पुढं नोकरीबिकरी…" आणि थांबला. चांगल्या मनानं बोलला, म्हणून जास्त राग आला.

प्रबुद्धला सांगितलं, तर छाती काढून म्हणतो, काडी मीच लावणार. वकिलांनी मान त्याला दिलाय. स्वतः कुठं उभे राहणार ते विचारलं, तर भाषण करायला उंचावर, म्हणजे ट्रकवर.

डोकं फुटायची वेळ आली. रानात गेले. रंगुबाई मेंढीच्या पायातला काटा काढत बसली होती. तिच्यापुढं तोंड सोडलं. कंपनीला नावं ठेवली, वकिलाला ठेवली, पोराला ठेवली. शेवटी म्हटलं, "तो कापूस आहे म्हणून ही सगळी नाटकं. घाल तुझी मेंढरं आत आणि खाऊन टाका म्हणावं एकदाचा."

रंगुबाई म्हणाली, "पोरगं फुडं ऱ्हानार व्हय?"

"तोच पुढं. काडीपेटी त्याच्याच खिशात."

"कवा?"

"मंगळवारी, सांगितलं नव्हतं का तुला?"

ती काटा बघत राहिली. मग म्हणाली, लय लांब काटा हुता. या बाईपुढं मन मोकळं करणं आणि ओढ्यात दगड टाकणं, दोन्ही सारखंच.

६ डिसेंबर

विहारात वंदना. प्रबुद्ध माझ्याशेजारी बसला. आज आम्ही भांडलो नाही.

७ डिसेंबर, सोमवार

काय लिहू.

सकाळी शाळेला निघाले तर कुंपणाचं फाटक सताड उघडं आणि आत सगळी मेंढरं. कापसाला पान म्हणून उरलं नव्हतं. नुसत्या काड्या. बोंडंही चघळून टाकलेली. रंगुबाई बांधावर उभी, डोक्यावर पदर, जणू दिवसभराचं काम आटपलं.

"रंगुबाई, हे काय केलंस?"

"तुमीच म्हनला की, घाल म्हनून."

"अगं, रागात म्हटलं मी!"

"मला अडानीला काय कळतंय? मास्तरीनबाई म्हनल्या, घातली. कापूस येचून झाला की पाला मेंढराचा, आसंच आसतंय सगळीकडं."

तिथंच बांधावर बसले. इतकी वर्षं मला ओळखते आणि माझा राग तिला कळू नये? भोळेपणालाही काही सीमा असते.

सयाजी धावत आला. त्याचं तोंड बघवत नव्हतं. झाडं मोजायची होती, उंची लिहायची होती, शेवटची वेचणी बाकी होती. म्हणाला, "आता वरच्यांना काय सांगू? मेंढरांनी खाल्लं म्हणून सांगू?" मी म्हटलं, खरं तेच सांगा. मग एकदम आठवलं.

"सयाजीराव, माणूस पाला खात नाही म्हणालात. मेंढरू खातं. त्याला काय होतं?"

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "काय होत नाही, बाई. बहुतेक. विचारून सांगतो."

मेंढ्या गाभण आहेत. श्रावणात भरलेल्या, संक्रांतीनंतर विणार. बोंडअळी मरते तो पाला त्यांच्या पोटात गेलाय आणि ज्यांनी तो बनवला ते विचारून सांगणार. मोटार घेताना मला हे सुचायला हवं होतं.

८ डिसेंबर

मोर्चा आला. हलगी, झेंडे, दोन ट्रक माणसं. पोलीसही आले आणि आंब्याखाली सावलीत बसले. सगळे रानात आले आणि बघतात तर ओल्या काड्यांपलीकडं जाळायला काही नाही. प्रबुद्ध हातात काडीपेटी घेऊन उभा राहिला. जत्रेत हरवलेलं पोरगं दिसतं तसा दिसत होता. फौजदारानं विचारलं, गुन्हा काय लिहू? कुणाला सांगता येईना.

मग कुणीतरी कंपनीच्या पाटीवर रॉकेल ओतलं. पाटी पत्र्याची. रॉकेल जळून गेलं, पाटी तशीच. फौजदार चहा प्यायला निघून गेले. मी मनातल्या मनात हसून घेतलं.

पण मल्हारराव वकील भाषण तयार करून आले होते आणि ते वाया घालवणारा माणूस नव्हे. ट्रकवर चढून म्हणाले, "बंधूंनो, हा बियाणं मारणारा कापूस या मेंढरांनी खाल्ला. ही मेंढरं आता वांझ होणार. यांचं खत ज्या रानात पडंल, ते रानही वांझ होणार." टाळ्या पडल्या. हलगी अशी वाजवली की मेंढरं बिथरून वाघर तोडून ओढ्यापार पळाली. पोटुशा मेंढ्या धडपडत होत्या आणि यल्लाप्पा त्यांच्यामागं अनवाणी धावत होता. प्रबुद्धही धावला. वकिलांचं भाषण चालूच होतं.

रंगुबाईनं मला विचारलं, "पोरगं घरला आलं न्हवं?"

मी म्हटलं, "तुझी मेंढरं पळालीत आणि तू माझ्या पोराचं काय विचारतेस?"

११ डिसेंबर

एक मेंढी गाभडली. मेलेलं कोकरू रंगुबाईनं ओढ्याकाठी पुरलं. ती म्हणते, हलगीला भिऊन पळाली, पोट आपटलं. पेपरात मात्र छापून आलंय, "विदेशी कापसाचा पहिला बळी". वकिलांचा फोटो आहे. मेंढीचा नाही.

दुपारी आप्पासोचा गडी सांगून गेला, यंदा आमच्या रानात मेंढरं बसवू नका. संध्याकाळपर्यंत बाकीचेही सांगून गेले. वांझ मेंढीची लेंडी कुणाला नको. चरायलाही कुणी बांधावर फिरकू देईना.

रंगुबाईचं वर्षाचं धान्य या रानांतून जमतं. माघारी जतला जावं तर तिकडं माळावर गवताची काडी नाही, आणि पोटुशा मेंढ्या तेवढी वाट चालणार नाहीत. हे तिनं मला सांगितलं नाही. मीच तिला सांगत बसले आणि रडले. ती म्हणाली, "तुमाला रान हाय न्हवं? मग झालं."

माझ्या गव्हाच्या पेरणीला उशीर झालाच होता. म्हटलं, राहा.

१४ डिसेंबर

प्रबुद्धला मी बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. त्यानं उलट उत्तर दिलं नाही, म्हणून आणखी बोलले. तो सांगलीला वकिलांकडं गेला होता. म्हणाला, "मी सांगितलं, वांझ होणार हे तुम्हाला कुणी सांगितलं? तपासल्याशिवाय बोललो तर आपल्यात आणि कंपनीत फरक काय? ते म्हणाले, चळवळीत मागे घ्यायची सोय नसते."

"मग तू काय म्हणालास?"

"राजीनामा दिला. पण मी कुठल्या पदावर नव्हतोच, असं त्यांनी सांगितलं."

संध्याकाळी सयाजी आला. कंपनीला काही मेंढ्या तपासायला हव्यात. यल्लाप्पानं मान वर केली. रंगुबाई म्हणाली, "तपासाय न्हेल्यालं मेंढरू माघारी येतंय का?"

सयाजी प्रामाणिक आहे, हीच त्याची अडचण. "न्हाई, मावशी."

"मग हितंच ऱ्हाऊ द्या. मेंढरू मेलं तर तुमाला सांगतो. जगलं तर तुमी या बघाय."

एका बाजूचे मेंढी मरायची वाट बघतात, दुसऱ्या बाजूचे ती कापून बघायची. मेंढी नीट विणावी असं वाटणारी माणसं आम्ही चारजण, त्यातला एक बोलत नाही.

२४ डिसेंबर

मेंढरं माझ्या एकाच रानात किती दिवस बसली याला आता सुमार राहिला नाही. सगळीकडं लेंड्याच लेंड्या. या मातीत पुढं काय उगवायचं ते उगवो. घराला, कपड्यांना आणि मलाही वास येतो. शाळेत पोरं नाक धरतात आणि मी पाढे म्हणायला लावते.

चाऱ्याचा प्रश्न होता. ऊसतोड चालू आहे, त्याचं वाडं, म्हणजे वरचा हिरवा शेंडा, तोडकऱ्यांकडून मिळतं. प्रबुद्ध सायकलवर भारे बांधून आणतो. रोज. सांगलीला जायचं नाव नाही. परीक्षा पुढं ढकलली असेल. विचारलं तर म्हणाला, "काडीपेटीपेक्षा हे जड आहे, आई." काय बोलतो त्याचं त्याला माहीत.

१ जानेवारी १९९९

कंपनीची डायरी संपली. यंदा नवी आली नाही, का ते समजू शकते. शाळेची जुनी वही घेतलीय.

२० जानेवारी

पहाटे पहिली मेंढी व्याली. मी कंदील धरला होता. कोकरू पडलं, पडल्या पडल्या शिंकलं, आणि उभं राहताना तीनदा कोलमडलं. रंगुबाईनं त्याचे पाय, कान, बेंबी बघितली आणि म्हणाली, "झ्याक हाय." यल्लाप्पा म्हणाला, "बरं हाय." वर्षाचा कोटा त्याचा तिथंच संपला. प्रबुद्ध तोंड फिरवून उभा होता. मी बघितलं नाही असं दाखवलं.

सकाळपर्यंत आणखी दोघी व्याल्या. पेपरवाल्याला निरोप धाडला. म्हणाला, कोकरू जगलं ही काय बातमी आहे? वकील पुण्याला परिषदेत आहेत. विषय "जनुकीय पिकांचे पशुधनावरील भीषण परिणाम". आमच्या मेंढीचा दाखला देणार आहेत. गाभडलेलीचा.

२३ जानेवारी

काजळीला जुळं झालं. काजळी म्हणजे डोळ्यांभोवती काळं असलेली मेंढी. दोन्ही कोकरं ठणठणीत. रंगुबाईला नवल नाही. "हिची आई बी जुळंच द्यायची. हिचं हे तिसरं जुळं."

वाडं टाकायला आलेल्या तोडकऱ्यानं बघितलं आणि गेला.

२५ जानेवारी

गावात आता असं आहे की कंपनीचा कापूस खाल्ला की मेंढीला जुळं होतं.

मला पहिल्यांदा चेष्टा वाटली. पण दुपारी आप्पासो स्वतः आले. पायी चालत. माझ्या ओट्यावर बसले, चहा घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या घरचा चहा कधी घेतला नव्हता. कपही धरला तो नीट, दोन्ही हातांनी. म्हणाले, "बाई, मेंढरं आमच्या रानात बसवायची म्हनतोय. ह्या खतात कायतरी जोर हाय." त्यांच्या पाठोपाठ दोघं आणखी आले. एकानं विचारलं, त्या कापसाचं बी थोडं मिळंल का? याच माणसानं पाटीवर रॉकेल ओतलं होतं.

मग सयाजीची फटफटी. गळ्यात कॅमेरा. काजळीचा जुळ्यासकट फोटो हवा, वरून आदेश आलाय, पुढच्या वर्षीच्या डायरीत छापायचाय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि चौथीच्या पोरांना सांगते तसं सांगितलं. मेंढी श्रावणात भरली. जुळं असलं तर तेव्हाच पोटात राहिलं. कापूस खाल्ला मार्गशीर्षात. कापसानं जुळं होत नाही आणि कापसानं वांझही झालेलं नाही. कोकरं जगली म्हणजे कापूस चांगला, असंही ठरत नाही. काय होतं ते कुणीच नीट तपासलेलं नाही, एवढंच खरं आहे.

सगळ्यांनी मान डोलावली. मग आप्पासो म्हणाले, "ते खरं, बाई. पर आधी आमच्या रानात."

प्रबुद्ध हसायला लागला. महिन्यानंतर पहिल्यांदा. सयाजीला म्हणाला, फोटो काढा, पण खाली लिहा, ही मेंढी दर वर्षी जुळं देते. सयाजीनं थोडा विचार केला आणि कॅमेरा पिशवीत ठेवला.

मी रंगुबाईला बाजूला घेतलं. "तू तरी सांग त्यांना, हिला नेहमीच जुळं होतं म्हणून."

"मला इचारलंय कुनी?"

"विचारलं नाही म्हणून काय झालं?"

"आवं बाई, मेंढरं वांझ म्हनली, तवा बी मला कुनी इचारलं न्हाई. त्यांचं त्यांनी ठरवलं. आता बी त्यांचंच त्यांनी ठरवलंय. ह्या येळंला माझ्या बाजूनं पडलंय, तर मी कशाला मधी तोंड घालू?"

माझ्यातल्या मास्तरणीला हे पटलं नाही.

ती ओट्यावर परत गेली आणि आप्पासोसमोर उभी राहिली. म्हणाली, "येतो की तुमच्या रानात. उद्यापास्नं. पर रीत बदलली. फुडच्या सालापास्नं पयली रात बाईंच्या रानात. मग तुमचं."

आप्पासोनी माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. मी रिकामे कप गोळा करायला लागले. मग ते म्हणाले, "बरं. पयली तर पयली."

ते गेल्यावर मी रंगुबाईला म्हटलं, मला कुठं हवं होतं पहिलं-बिहिलं. ती म्हणाली, "बरं बाई."

१४ मार्च

मेंढरं जतकडं निघाली. सगळ्या रानांत बसून झाली, धान्याची पोती घोड्यावर चढली. कोकरं आयांच्या मागं उड्या मारत होती. काजळीचं एक पिल्लू प्रबुद्धच्या पायात घोटाळत होतं. तो उद्या सांगलीला जाणार, परीक्षा देणार म्हणतो. त्याला आता बियाण्यांवर काम करायचंय, म्हणजे आधी शिकून मग बोलायचं. मी म्हटलं, बघू.

निघताना कुत्र्यानं माझी चप्पल पळवली. मी नेहमीसारखं म्हटलं, "पुढच्या वर्षी इथं पाऊल टाकू नकोस."

"बरं बाई," म्हणाली. मग प्रबुद्धच्या डोक्यावरून हात फिरवला, जरा जास्तच वेळ. त्याच्या पायांकडं बघितलं. "नीट चाल रं बाबा," म्हणाली, आणि ओढा उतरून गेली.

आता घर शांत आहे. रानात लेंड्यांचा थर आहे आणि मला झोप येत नाही. एक गोष्ट डोक्यातून जाईना. इतकी वर्षं मी त्या बाईवर ओरडते. कुत्रं विहिरीत टाक म्हटलं, तिनं टाकलं नाही. येऊ नकोस म्हटलं, ती आली. रागातला माझा एक शब्द तिनं कधी खरा धरला नाही.

मग त्या एकाच दिवशी कसा धरला?

तिला विचारायला हवं होतं. दिवाळीनंतर येईल तेव्हा विचारीन. विचारलं तरी म्हणेल, मला अडानीला काय कळतंय.